आई दारात बसायची

आत्याबाईंनी तांब्या मागवला तेव्हा मला वाटलं, नवरीला ओवाळायचं असेल.

आळेफाट्याजवळचं मंगल कार्यालय. दुपारचा मुहूर्त. स्टेज मी केलं होतं. मागं झेंडूच्या माळांचा पडदा, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर शेवंतीची कमान. मुहूर्त जवळ आला आणि डावीकडची एक माळ सुटून लोंबायला लागली. मी खाली बँडवाल्याशी बोलत होते. आई स्टेजच्या कडेलाच होती. ती वर चढली. माळ बांधली. चौरंगापाशी पडलेल्या पाकळ्या वाकून पदरात गोळा केल्या. एवढंच केलं तिनं.

नवरीची आत्या समोरच्या सोफ्यावर बसली होती. तिनं तिथूनच आवाज दिला.

"तू कुणाची गं?"

"डेकोरेशनवालीची आई मी."

"ते न्हाई. वस्ती कंची तुमची?"

आईनं सांगितली. मिशनची वस्ती.

"म्हंजी किरिस्ताव?"

"व्हय."

"आन् पयलं कोन?"

आईनं पदरातल्या पाकळ्या सावरल्या.

"पयलं म्हारवाड्यातलंच ना? आन् चौरंगाला हात लावलास? आज? पोरीच्या लग्नात?"

मग तांब्या आला. तांब्यात गोमूत्र. आंब्याची डहाळी माझ्याच तोरणातली ओढून घेतली. आत्याबाई स्टेजवर चढल्या आणि शिंपडायला लागल्या. चौरंगावर, पाटावर, माझ्या माळांवर. आई अजून वरच होती. तिला खाली उतरायला वाट द्यावी, एवढंही कुणाला सुचलं नाही. शिंतोडे तिच्या तोंडावर उडाले. तिनं पुसले नाहीत. पदरात पाकळ्या होत्या ना. पदर सोडला असता तर पाकळ्या सांडल्या असत्या.

मांडव भरलेला होता. कुणी हसलं नाही. कुणी ओरडलंही नाही. लोकांनी माना वळवल्या आणि आपापसात बोलायला लागले. मला ते बोलणंच जास्त लागलं.

नवरीचे वडील, त्यांना सगळा तालुका आण्णा म्हणायचा. मोठे बागायतदार. निवडणुकीत त्यांच्या शब्दावर गावं फिरायची. ते स्टेजच्या पायरीशी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. बायकांचं असतं असलं."

मी बोलायला तोंड उघडलं. आईनं माझा दंड धरला.

"काम पुरं कर. मंग जाऊ."

ती जाऊन टेम्पोत बसली. उन्हात. पत्रा तापलेला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नवरीची पाठवणी झाली, तोवर ती तिथंच होती. तिला कुणी पाणी विचारलं नाही. मी नेऊन दिलं तर म्हणाली, "तहान न्हाई."

आम्ही मूळचे डिंगोऱ्याच्या बाजूचे. आज्याच्या काळात मिशन आलं, तेव्हा आमची घरं ख्रिस्ती झाली. आज्या म्हणायचा, तिथं आम्हाला खुर्चीवर बसवलं, म्हणून गेलो. वस्तीला लागून छोटं देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. आई लग्न होऊन आली तेव्हापासून वेदीची फुलं तिच्याकडं होती. दर शनिवारी संध्याकाळी ती वेदी सजवायची. फुलं विकत आणायची ऐपत नव्हती. बांधावरची, कुणाच्या परसातली, कधी नुसता हिरवा पाला. पण रविवारी मिस्साला, म्हणजे सगळ्यांच्या प्रार्थनेला, लोक आत आले की वेदीकडं बघत राहायचे. मी तिच्याजवळ बसून शिकले. कुठलं फूल उन्हाला टिकतं, कुठलं दुपारी मान टाकतं, सगळं तिथंच कळलं.

पुढं देवळाच्या सणाचा मांडव मी करायला लागले. मग कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं बारसं, मग लग्नं. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. नवरा टेम्पो चालवायचा. आधी आम्हाला लोक फुलंवाले म्हणायचे. मग डेकोरेशनवाले. टीव्हीमुळं इव्हेंट हा शब्द गावात आला, तेव्हा मीही कार्डावर तोच छापला. जात कुणी विचारली नव्हती. आडनाव इकडं सगळ्यांत चालणारं. मी लपवलं नव्हतं, आणि सांगायचा प्रसंगही आला नव्हता.

त्या लग्नानंतरच्या रविवारी मिस्सा सुरू झाली आणि आई तिच्या बाकावर नव्हती.

पुढून दुसरा बाक, भिंतीकडची जागा. ती तिची. मी मागं वळून पाहिलं. दाराजवळ, जिथं लोक चपला काढतात, तिथं ती खाली फरशीवर बसली होती. मला वाटलं, उशीर झाला असेल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

"आई, अशी चपलांत का बसतीस?"

"वारं लागतं हितं."

फुलं तिनं सोडून दिली. म्हणाली, "आता तू कर." वेदीच्या पायरीला हात लावला नाही पुन्हा.

ईस्टरला आमच्याकडं फादर पवित्र पाणी शिंपडतात. एका हातात भांडं, दुसऱ्या हातात डहाळी. बाकांच्या मधून चालत येतात आणि दोन्हीकडं शिंपडतात. लोक पुढं होऊन तोंडावर घेतात, कपाळावर क्रूस करतात. लहानपणापासून मला तो क्षण आवडायचा. त्या ईस्टरला फादर दारापर्यंत गेले, डहाळी उचलली, आणि माझ्या आईनं पदरानं तोंड झाकून घेतलं. भिंतीला चिकटली ती. लहान पोराला मारायला हात उगारल्यावर ते जसं अंग चोरतं, तसं.

फादरांना काही कळलं नाही. ते पुढं गेले.

मला कळलं. आत्याबाईंनी तिला स्टेजवरून उतरवलं नव्हतं नुसतं. तिला आमच्याच देवळाच्या दारात आणून बसवलं होतं. आज्याला जिथं खुर्ची मिळाली होती, तिथं त्याची सून जमिनीवर.

त्यानंतर ती फार जगली नाही. शेवटपर्यंत त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. कसं विचारायचं?

ती गेली आणि मग ती मला दिसायला लागली. भुताखेताचं सांगत नाही मी. पण मिस्सा चालू असताना मान आपोआप दाराकडं वळायची. चपलांच्या ढिगापाशी कुणी म्हातारी बसलेली असली की मी बाकावरून अर्धी उठायचे. लग्नाच्या कामात तर जास्त. आमच्या धंद्यात दाराशी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायची पद्धत आहे. दोन पोरी नटवून उभ्या करायच्या, हातात गुलाबदाणी द्यायची. ते पाणी उडालं की मला आईचं ओलं तोंड दिसायचं. मी गुलाबपाणी बंद केलं. गिऱ्हाईक विचारायचं, "का हो ताई, सगळेजण करतात." मी म्हणायचे, "आमच्याकडं नाही होत." त्यावरून कामं गेली. जाऊ दिली.

अशी वर्षं गेली. धंदा वाढला. देवळाच्या समितीवर मला घेतलं. सण असो, नाताळ असो, मांडवापासून जेवणापर्यंत सगळं माझ्याकडं.

एका पावसाळ्यात वस्तीतल्या मार्थाकाकूंचा नवरा वारला. आमचं कबरस्तान वस्तीपासून लांब, ओढ्याच्या पलीकडं. जायला रस्ता नाही. शेताच्या बांधावरून पायवाट आहे, आणि ती शेतं आण्णांची. पावसात बांध म्हणजे नुसतं लोणी. खांदेकऱ्यांपैकी एकाचा पाय घसरला आणि पेटी चिखलात पडली. झाकण उघडलं. पुढचं मी लिहीत नाही. मार्थाकाकूंची किंकाळी वस्तीनं ऐकली.

म्हणून समितीनं रस्त्याचं मनावर घेतलं. समितीचे अध्यक्ष पुण्यात नोकरी करून रिटायर झालेले, इकडं बंगला बांधलेले. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी मार्ग काढला. देवळाच्या सणाला आण्णांना प्रमुख पाहुणे बोलवायचं. शाल, हार, सत्कार. खूश झाले की स्टेजवरूनच रस्ता जाहीर करतील.

मी मीटिंगमध्ये उभी राहिले. आईचं सगळं सांगितलं. पहिल्यांदा.

सर म्हणाले, "वाईटच झालं ते. पण आता वस्तीचं बघायला हवं."

फादर तरुण होते, मनानं चांगले. ते म्हणाले, "ताई, आपला धर्म क्षमेचा आहे."

"फादर, क्षमा मागणाऱ्याला देतात. मागितली का कुणी?"

सरांनी वहीचं पान उलटलं. पुढचा विषय जेवणाचा होता.

मी सणाचं काम सोडलं नाही. देऊळ माझं होतं. मांडव बांधला, वेदी सजवली, भाताच्या पातेल्यांपाशी उभी राहिले. फक्त सरांना बजावलं, सत्काराला मला बोलवू नका.

मिस्सा झाली. कार्यक्रम सुरू झाला. आण्णा स्टेजवर मधल्या खुर्चीत. केस पांढरे झालेले, हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत होते. आणि सरांनी माईकवरून पुकारलं, "आता आपल्या भगिनी, ज्यांनी हा सुंदर मांडव उभारला, त्या आण्णांना शाल आणि हार अर्पण करतील."

मग माझं नाव. टाळ्या.

सरांना वाटलं असेल, एवढ्या लोकांत ही नाही कशी म्हणेल.

मी वर गेले. एका बाईनं ताट पुढं केलं. हार मीच सकाळी गुंफलेला. मी ताट घेतलं नाही. माईककडं गेले. देवळाच्या दाराकडं नजर गेली. तिथं चपला होत्या, आणि कुणीच नव्हतं.

"आण्णा," मी म्हणाले, "तुमच्या लेकीच्या लग्नात तुमच्या बहिणीनं माझ्या आईच्या तोंडावर गोमूत्र शिंपडलं. तुम्ही पायरीशी उभे होता. त्याचं आज काही बोलणार का?"

सर माझ्याकडं सरकले.

आण्णा रागावले नाहीत. तेच मला अजून छळतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, खरंच आठवून बघितलं. मग म्हणाले, "कधीची गोष्ट ताई? मला तर असं काई आठवत न्हाई."

खोटं नव्हते बोलत. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

माझी आई त्या एका दुपारीमुळं दारात जाऊन बसली, तिथूनच गेली. आणि त्यांच्या लेखी ती दुपार झालीच नव्हती.

"तुम्हाला आठवत नाही," मी म्हणाले. "मग हा हारही माझ्या हातून नाही."

खाली उतरले. सर माईकवर सावरासावर करायला लागले. फादरांनी मान खाली घातली. आण्णा उठले, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. रस्त्याचं नाव निघालं नाही.

त्या आठवड्यात मला समितीवरून काढलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण नळावर बोलायचे. हिच्यामुळं रस्ता गेला. आण्णांच्या गोतातली लग्नं माझ्याकडं यायची बंद झाली. टेम्पो दारात उभा राहायला लागला.

एका दुपारी मार्थाकाकू आल्या. मी पाट दिला. बसल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तुझ्या आईच्या तोंडावर चार थेंब उडाले," त्या म्हणाल्या. "माजा नवरा चिखलात पडला. सांग, कोनाचं मोठं?"

मी पाट उचलून भिंतीला लावला.

त्या गेल्या. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. त्यांचा काय दोष होता? पण त्या माझ्या उंबऱ्यात येऊन भांडू शकत होत्या. ज्याचा बांध होता, त्याच्या उंबऱ्यात कुणी गेलं नव्हतं. गेलो असतो, तर हार घेऊनच. आमच्यातच मोजामोजी चालली होती, कुणाचं दुःख मोठं आणि कुणाचं बारीक. आणि मोजायला लावणारा गाडीत बसून घरी गेला होता. हे त्या दुपारी मला लख्ख दिसलं. आईच्या वेळेला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तहसीलला गेले. एकटी. मेलेल्या माणसाला न्यायला वाट मागणं म्हणजे भीक नाही, एवढं मला तोवर समजलं होतं. साहेब भेटले नाहीत. पुन्हा गेले. साहेब बदलले. पुन्हा गेले. शिपाई आता मला ओळखतो, बाकडं सरकवून देतो. मी बसते.

देवळात जाणं मी सोडलं नाही. पुढून दुसऱ्या बाकावर बसते. शेजारच्या बायका थोडं अंतर ठेवतात. ठेवू देत. फुलं आता दुसरी बाई करते. मी प्रार्थना करते, पण 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की माझे ओठ मिटतात. देवाला कारण माहीत आहे.

रस्ता अजून झालेला नाही. पावसाळ्यात आम्ही अजून बांधावरूनच नेतो, अंगठे रुतवत, एकमेकांना धरून. माझी पोरं मोठी झालीत. त्यांना मी समोर बसवून सांगून ठेवलंय. मी मेले आणि सरकारनं रस्ता केलेला असला, तर त्यावरून न्या. नसला, तर चिखलातून न्या. पेटी पडली तर उचला आणि पुन्हा चाला. पण माझ्यासाठी वाट मागायला कुणाच्या गळ्यात हार घालायचा नाही.