येऊ दे, येऊ दे
नवऱ्याने हौसेने कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतली, तेव्हा माझे सासरे रत्नागिरीहून आमच्याकडे दुबईत अल कुसैसला आले होते. अल ऐनच्या वाळवंटात मुक्काम करून आम्ही परतलो आणि हा कॅरॅव्हॅन रिव्हर्सने जागेवर लावू लागला. मागे भर उन्हात बाबांना उभं केलं. ते ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत होते. भिंत जवळ आली तशी त्यांनी कॅरॅव्हॅनच्या पाठीवर थापा मारल्या. गावाकडे एवढ्यावर ट्रकसुद्धा थांबतो. इथे हा पुढे गाडीत काचा लावून एसीत बसलेला, मधे अख्खी कॅरॅव्हॅन. ऐकणार काय, कपाळ! बाबांचा उजवा हात भिंतीशी चेंगरला.

मी ओरडत पुढे धावले, तेव्हा हा थांबला. उतरला तो थेट मागच्या दिव्याकडे गेला. दिवा शाबूत बघून ‘काही नाही झालं’ म्हणाला.

आता त्याने मागे कॅमेरा बसवलाय. परवा मित्र घरी आले, तर त्यांना मोठ्या तोंडाने सांगत होता, ‘आधीच बसवायला हवा होता. माणसाच्या भरवशावर गाडी मागे घेण्यात काही अर्थ नाही.’

बाबा तेव्हा डाव्या हाताने त्याच मित्रांना पाणी देत होते.