हाक मारून थांबणारी बाई

रेडिओ आता कोण ऐकतं, असं विचारणाऱ्या माणसाचा मला इतका राग येतो की उत्तर द्यायचंच राहून जातं. विचारणारा बहुधा स्वतःच्या कानात काहीतरी खुपसून उभा असतो. आपल्याला जे लागत नाही ते जगातून उठलं, असं ठरवून ही माणसं मोकळी होतात. पनवेलला खांदा कॉलनीत एका संस्थेचं लहानसं रेडिओ केंद्र आहे. त्याचा आवाज कर्नाळ्याच्या फारसा पलीकडे जात नाही. तिथे मी, माहनूर, बरीच वर्षं यंत्रावर बसते. कोणाचा माइक उघडायचा आणि कोणाचा बंद करायचा, हे माझं काम. रेडिओ कोण ऐकतं हे मला चिंगी हिलमने दाखवलं, म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे. राग गेल्यावर लिहीन म्हटलं होतं, पण तो काही जात नाही.

चिंगीताई कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीवरची. बुटकी, सडसडीत, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला पुन्हा विचारावं लागत नाही. आमच्याकडे ती पहिल्यांदा आली ती महिला दिनाच्या मुलाखतीला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गोड आवाजात म्हटलं, "ताई, तुमच्या समस्या सांगा." चिंगीताई म्हणाली, "तुमी सांगा की तुमच्या. आमच्या सांगून सांगून तोंड दुखलं." मी काचेमागे पोट धरून हसत होते. त्या दिवसापासून ती आमची झाली, किंवा आम्ही तिचे झालो.

'हाक' हा कार्यक्रम तिच्याच डोक्यातून निघाला. दिवाळी सरली की वाडीवरची निम्मी घरं गाढी नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर राहायला जातात, ती पावसाच्या तोंडापर्यंत. घरटी फोन असतो, पण एकच, तोही नवऱ्याच्या खिशात, आणि रिचार्ज असला तर. बाई दिवसभर साच्यात मातीचा गारा दाबून विटा पाडत असते. कोपरापर्यंत चिखल. त्या हातांनी फोनच्या काचेवर बोट कसं फिरवणार? रेडिओला हात लावावा लागत नाही. मुकादमाच्या झोपडीच्या खांबाला टांगला की सगळ्या भट्टीला पुरतो. वाडीवरची माणसं अंगणवाडीच्या फोनवरून आम्हाला व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवायची. चिंगीताई ते ऐकायची आणि दुपारी भट्टीवरच्यांना आपल्या तोंडाने सांगायची. "फोननं आना आन् रेडिओनं धाडा," हा तिचा हिशोब. नव्या-जुन्याचं भांडण तिच्या डोक्यात कधी नव्हतंच.

आमची पहिली खडाजंगी झाली ती तिच्या थांबण्यावरून. ती नाव घ्यायची, "सुदामची बायको गोऽऽ," आणि गप्प बसायची. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे आम्हा लोकांना धडकी. मी काचेमागून हातवारे करायची, बोल, बोल! ती बोटाने मलाच गप्प करायची. कार्यक्रम संपल्यावर मी तिच्या अंगावर गेले तेव्हा ती म्हणाली, "मानूर, तू हाक मारतेस आन् ओ घ्यायला थांबत नायस? असं कुत्र्याला बोलवतात."

"पण रेडिओवर तुला ओ ऐकू थोडीच येणार आहे?"

"मला नाय येत. तिला तर द्यायचा आसतो."

मग ती मला भट्टीवर घेऊन गेली. तिचं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं खांबावरच्या रेडिओवर लागलं होतं. नाव पुकारलं गेलं आणि चिखलातून एक बाई मोठ्याने म्हणाली, "ओऽऽ!" साचा खाली ठेवला, मनगटाने केस मागे सारले, रेडिओकडे तोंड केलं. मग निरोप आला. बहिणीला मुलगी झाली होती. सगळ्या भट्टीने ऐकलं, पण निरोप तिचा होता. मला माझी अम्मी आठवली. अब्बा कुवेतला असताना ती त्यांच्यासाठी कॅसेट भरायची, "जेवलात ना?" असं विचारून थांबायची, आणि आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. त्या दिवसानंतर मी चिंगीताईला हातवारे करणं सोडलं.

मग विनायक सर आले. संस्थेने त्यांना केंद्राचे प्रमुख म्हणून नेमलं, रेडिओ काळाबरोबर राहावा म्हणून. त्यात काही चूक नव्हती. आमचं यंत्र जुनं होतं, खोलीत कुबट वास होता, आणि तरुण मुलं आमच्याकडे फिरकत नव्हती. सरांनी अॅप आणलं, रील आणली, भिंती रंगवल्या. बोलायला इतके नम्र की भांडायला जागाच नाही. एके दिवशी त्यांनी चिंगीताईला सांगितलं, "ताई, तुमचा आवाज आपल्याला जपून ठेवायचाय." तिला कागदावरचं नीट वाचता येत नाही, म्हणून सरांचा माणूस वाक्य वाचायचा आणि ती मागून म्हणायची. हसून म्हणा, ठासून म्हणा, हळू म्हणा. ती जाम खूश होती. "माजा आवाज आता मरायचा नाय," असं वाडीवर सांगत सुटली. इथेच ती फसली. मीही त्यात काही काळंबेरं पाहिलं नाही, कारण सांगताना कोणी सगळं सांगितलंच नव्हतं.

थोड्या दिवसांनी तिला गोड शब्दांत कळवलं की आता रोज यायची दगदग नको. संगणक तिच्या आवाजात बोलणार होता. वाडीवरून आलेला निरोप तो आपोआप उतरवून घेणार, शुद्ध करणार आणि वाचणार. "ताई ब्रँड आहेत आपला," सर म्हणाले. माणूस घरी आणि आवाज कामावर, आणि वर सत्कार! मला शेजारच्या खोलीत रीलवर अक्षरं चिकटवायला बसवलं. त्या आवाजात सगळं होतं, तिचा खरखरीतपणा, तिचं हसू. थांबणं तेवढं नव्हतं. मधली शांतता संगणक कापून टाकायचा. नाव, निरोप, नाव, निरोप. बाजारात लिलाव चालावा तसं.

आणि माणसं रागावली ती संगणकावर नाही, चिंगीताईवर! भट्टीवर जाईल तिथे बायका तोंड फिरवायच्या. तिची सख्खी मावशी म्हणाली, "मोठी झालीस. हाक मारून फुडं निघून जातेस." ती सांगायची, मी नव्हते ती. कोण विश्वास ठेवणार? आवाज तर तिचाच. आयुष्यात या बाईने कमावलं काय, तर हाकेला ओ देणारी माणसं. तीच तिच्या तोंडाने तिच्यापासून तोडली. ती आमच्याकडे येऊन सांगून गेली. सर म्हणाले, "थोडा वेळ द्या, लोकांना सवय होईल."

सवय व्हायच्या आधी काशीराम वारले. वाडीवरचे म्हातारे, प्रमिलाचे वडील. प्रमिला ही चिंगीताईची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तेव्हा भट्टीवर होती. अंगणवाडीच्या फोनवरून कोणीतरी निरोप टाकला की काशीराम गेला, प्रमिलाला कळवा. मरणाची बातमी चिंगीताईने रेडिओवरून कधीच दिली नव्हती. ती नुसतं म्हणायची, "वाडीवर ये गो, भाऊ रस्त्याला उभा हाय," आणि भाऊ खरंच उभा असेल अशी तजवीज आधी करायची. संगणकाला हे कोण सांगणार? मी शेजारच्या खोलीत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, तोच बारशाचे निरोप सांगायचा, हसरा, "प्रमिला, आनंदाने ऐका, तुमचे वडील काशीराम यांचे निधन झाले आहे." मी पळत गेले. तोपर्यंत पुढचा निरोप सुरू झाला होता.

प्रमिला वाडीवर पोचली तेव्हा तिच्या हातांवरचा चिखल सुकून तडकला होता. चिंगीताई तिला धरायला पुढे गेली. प्रमिलाने तिचे हात झटकले. "हसत सांगितलंस गं," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंगीताई केंद्रात शिरली ती चप्पल न काढता. सर उठून उभे राहिले. "ताई, झालं ते फार वाईट झालं. सिस्टीमची चूक आहे, आम्ही सुधारतोय. आपण बसून बोलू."

"बसून लय बोललास," ती म्हणाली. सरांना तिने पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "आता उभ्यानं आयक. मानूर, माइक उघड."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "माहनूर मॅडम, असं करता येणार नाही." मी संगणकाचा आवाज मध्येच तोडला आणि माइक उघडला. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

ती माइकपुढे बसली. "भट्टीवरच्यांनो, मी चिंगी. काल बोलला तो माजा आवाज व्हता, पन मी नव्हते. आता तुमाला पटवू कसं? ह्यो पन माजाच आवाज." मग मान वर करून तिने हाक मारली, "प्रमिलाऽऽ गो!"

आणि थांबली.

शांतता झाली की संगणकाने आपोआप गाणं सोडायचं, अशी सोय सरांनी करून ठेवली होती. मी त्याची वायरच उपटली. सर काचेवर टकटक करत होते, लोक स्टेशन बदलतील म्हणून ओरडत होते. बदलू देत! कोणत्या लोकांबद्दल बोलत होते ते खुदा जाणे. चिंगीताई डोळे मिटून बसली होती. तिला पुरेसं वाटलं तेव्हा ती बोलली, "नाय दिलास ओ. नको देऊस. मी उद्या परत मारीन."

नंतर व्हायची ती बैठक झाली. संस्थेची माणसं म्हणाली, दोन्ही ठेवू, ताईही आणि ताईंचा आवाजही. चिंगीताई म्हणाली, "माजा आवाज माज्या घशात राहील. तुमाला पायजे तर तुमचा कोंडून ठेवा." तो आवाज मी सगळ्यांदेखत पुसायला लावला. विनायक सर मनाने वाईट नाहीत असं सगळे मला समजावतात. नसतील. वाईट नसलेल्या माणसांनी चहा घेत घेत हे केलं, म्हणून तर माझा राग उतरत नाही. अॅप अजून आहे. 'हाक' त्याच्यावरही असतो, मधल्या शांततेसकट. ओवे गावाकडे बांधकामावर गेलेली वाडीची पोरं तो ऐकतात म्हणे. त्याला माझी काहीच हरकत नाही.

पण चिंगीताईचं काम झालं नव्हतं. रोज दुपारी ती आली की सगळ्यात आधी प्रमिलाला हाक मारायची, थांबायची, आणि मग बाकीचे निरोप घ्यायची. भट्टीवरच्या इतर बायका पुन्हा ओ देऊ लागल्या, मावशीसुद्धा. प्रमिला मात्र मुकाट्याने विटा पाडत राहते, असं येणारेजाणारे सांगायचे. मी एकदा म्हटलं, सोड आता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

शिमगा जवळ आला होता. त्या दुपारी तिने हाक मारली, थांबली, आणि आमच्या फोनवर एक बोललेला निरोप येऊन पडला. मुकादमाच्या नंबरावरून. मी तो काचेमागे कानाला लावून ऐकला आणि मग तसाच रेडिओवर सोडला. आधी चिखल थापल्याचा आवाज आला. मग दूर कोणीतरी फोन धरलेला, आणि रागाने फुटलेला प्रमिलाचा आवाज, "ओऽऽ! दिला ओ! बोल काय ता लवकर, माजं हात चिखलात हायत."

चिंगीताईने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस रोज हाक मारत होती, पण सांगायला निरोप असा तिच्याकडे नव्हताच. तिने पदराने नाक पुसलं, माइक जवळ ओढला आणि म्हणाली, "काय नाय गो. नुसतीच हाक मारली."