खाण बंद हाय

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाईट. चौथीनंतर हातात पेन फारसं आलंच नाही, म्हणून आधीच माफी मागते. पण अण्णाबद्दल तोंडानं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

अण्णा माझा थोरला भाऊ. पूर्णेला खताच्या गोदामात हमाल होता. दर पेरणीआधी गावातली माणसं डीएपी खताचे पैसे त्याच्याकडे द्यायची, तो ते पूर्णेच्या दुकानदाराकडे भरायचा आणि रेल्वेनं माल उतरला की पोती गावात आणायचा. पावती कोणी मागत नसे. यंदा अकरा घरांचे पैसे भरले आणि माल आलाच नाही. दुकानदार म्हणाला, हे खत ज्या दगडापासून होतं त्याच्या खाणी परक्या मुलखात आहेत, आणि त्या देशानं दुसऱ्यांना वाकवायला माल अडवून धरलाय. अण्णानं त्यातून एवढंच उचललं. ज्याला त्याला सांगायचा, "खाण बंद हाय."

पारावर हसू झालं. शेजारचे गणपतराव म्हणाले, "खत दगडाचं कवापासून व्हायलंय, अण्णा? मग आमच्या बांधावर लय दगड हायेत, घिऊन जा की." हसणं चार दिवस टिकलं. मग माणसं पैशासाठी अण्णाच्या दारात येऊन बसायला लागली. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसती बसायची. मी भेटायला गेले तेव्हा दोन-दोन पोती पाठीवर घेणारा माझा भाऊ भिंतीला टेकून बसला होता आणि अंगणात चप्पल वाजली की श्वास रोखायचा. मला हळूच म्हणाला, "बाई, त्या देशाला कुनी सांगंल का गं, आमची पेरनी हाय मनून?"

मी गंगाखेडकडे सासरी परतले. आठवड्यानं वहिनीचा फोन आला. आवाज तुटत होता. "खानं बंद हाय," एवढंच नीट ऐकू आलं. महिनाभर तेच ऐकत होते, म्हणून मी म्हणाले, "उघडंल की वैनी, सरकार बोलायलंय मनं त्यांच्यासंग." तिनं फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी अण्णा गेल्याचा निरोप आला.

दहाव्याला वहिनीनं विचारलं, "तुमी उघडंल मनलात... काय उघडनार होतं?" तेव्हा मला कळलं. ती अण्णाचं खाणं म्हणत होती. त्यानं अन्नाला, शेवटी शेवटी पाण्यालाही हात लावणं सोडलं होतं. कागदावर खाण आणि खाणं यात एका टिंबाचा फरक. अजून फोनवर समोरचं माणूस काय म्हणालं ते मी दोनदा विचारते.

दहाव्यानंतर माणसं पुन्हा दारात बसली. मी वहिनीला घेऊन पूर्णेला गेले. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. असे कितीतरी सोमवार. गिऱ्हाईक बघायला लागलं तसा दुकानदार थोडे थोडे पैसे परत देत गेला, आणि आम्ही ते घरोघर पोचवत गेलो.

काल शेवटचं घर होतं, गणपतरावांचं. मी परक्या पुरुषाकडे मान वर करून बघत नाही, पण काल बघितलं. त्यांनी नोटा तीनदा मोजल्या आणि तरी मुठीतच धरून ठेवल्या. इतके दिवस ज्यांना मी भीत होते, ते माझ्याइतकेच घाबरलेले होते.

"पेरनी तर निघून गेली बाई," ते म्हणाले. "आता ह्या नोटा जमिनीत घालू का?"

मी चप्पल घालून अंगणाबाहेर आले. अकराही घरांचे पैसे फिटले.