वजनाच्या दिवशी पाणी बंद

आमच्या कबड्डी मंडळात वजनाच्या दिवशी पाणी बंद असायचं. काट्यावर एखादा किलो जास्त भरला, की अंगात दोन रेनकोट घालून उन्हात पळायचं आणि चिंच चघळत थुंकत राहायचं. वजनाचा गट चुकला तर निवडच नाही. माझा मित्र आमचा चढाईपटू, मी कोपऱ्यातला पकडीचा गडी. शाळा मी आठवीतच सोडलेली, दिवसभर मोकळा, म्हणून त्यानं पाणी पिऊ नये यासाठी पहारा माझा. "लेका, घोटभर," म्हणायचा. मी देत नसे. गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून गोळ्याही मीच आणायचो.

तो जिल्ह्याकडून खेळला, राज्याकडून खेळला, मग टीव्हीवरच्या लीगमध्ये गेला. गावात चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागले. तरी मला विसरला नाही. इकडं परदेशात, तांजोंग पगार भागातल्या एका हॉटेलचा मालक त्याच्या खेळाचा वेडा; मित्रानं मालकाला केलेल्या एका फोनवर मला किचनचं वर्क परमिट मिळालं. आज माझ्या घरची चूल पेटते ती त्याच्यामुळे.

गेल्या महिन्यात तो इथं नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तपासून घ्यायला आला. पाय सुजलेले, डोळ्यांखाली फुगलेलं. हंगाम दीड महिन्यावर, संघाला कळू नये म्हणून इतक्या लांब. इंग्रजी बोलायला मला नेलं. माझी इंग्रजी ती काय, किचनपुरती. पण दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता.

डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती घेतो?

"कवातरी घेतो म्हण," तो म्हणाला.

खरं बोललो आणि यानं चिडून माझ्या हॉटेलमालकाला फोन केला, तर माझं परमिट?

"अरं बोल की. भाषण द्यायला नाय आणलं तुला."

मी बोललो. प्रत्येक सामन्याआधी दोन, नंतर दोन, पोरवयापासून. रेनकोट, चिंच, पाणी बंद, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. गोळ्या मी आणायचो, हेही.

"कवातरी म्हणायला एवढा वेळ लागतो व्हय रे?"

बाई रिपोर्टवर बोट ठेवून सावकाश बोलल्या. दोन्ही मूत्रपिंडं बरीच गेलीत. खेळ आणि गोळ्या आत्ता थांबवल्या तर उरलंय ते काही वर्षं टिकेल. नाहीतर लवकरच डायलिसिस. मी काही न गाळता मराठीत सांगितलं.

"तू तिला खरं सांगितलंस."

"होय."

"विचार, एकच हंगाम."

मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"परत विचार."

परत विचारलं. त्यांनी रिपोर्ट मिटून त्याच्याकडं सरकवला.

बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्यानं खिशातून फोन काढला. मालकालाच लावणार, असं वाटलं. त्यानं कोचना लावला.

"सर, या वर्षी मला धरू नका," म्हणाला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. तो फक्त "होय सर, होय सर" करत होता.

या वर्षी, असं म्हणाला. मी त्याला टोकलं नाही.