डावीकडची सीट

वेगाची गाडी माणसं का विकतात, हे मला कुणी विचारू नये. मी खरं सांगून बसेन.

रविवारी सकाळी सिल्वासाबाहेर खानवेल रोडला आमचा गाड्यांचा अड्डा जमायचा. बहुतेक सगळे इथल्या कारखान्यांतले इंजिनिअर नाहीतर सुपरवायझर. प्रत्येकाची गाडी अंगापेक्षा आवाजाने मोठी. त्यांच्यात पांढऱ्या केसांची आणि साडी नेसलेली मी एकटीच. कुणी गाडी विकली की पुढच्या रविवारी तो एखाद्या उंच, पांढऱ्या, सोज्वळ गाडीतून यायचा आणि कुणी न विचारताच खुलासा करायचा.

"आजी, ॲव्हरेज परवडेना हो."

"अरे, घेतलीस तेव्हा काय ती पाण्यावर चालत होती?"

दुसरा म्हणायचा, कंबर गेली. तिसरा म्हणायचा, आपल्याकडे अशा गाडीला रस्ते कुठे आहेत? रस्ते तेच होते, कंबरही तीच होती. मी हळूच विचारायची, "डावीकडे कोण बसतं रे तुझ्या?" की तो हसायचा आणि बुटाकडे बघायचा. मग कळायचं, बायकोला दिवस गेलेत. दुसऱ्याच्या मुलीला गाडीत उलट्या व्हायच्या. बापाचं मन मोडू नये म्हणून ती दर रविवारी अभ्यासाचं निमित्त काढून घरी राहू लागली होती. गाडी विकली जाते ती डावीकडच्या सीटसाठी. पण तसं म्हटलं तर त्या सीटवरच्या माणसावर आळ येतो, म्हणून बिचाऱ्या ॲव्हरेजला बदनाम करायचं.

मी मात्र निराळी, असा माझा समज होता. माझ्या डावीकडे हे बसत, आणि ह्यांची कधी तक्रार नव्हती.

मुळात मी आणि वेग, ही जोडी जमलीच कशी, याचं मलाच हसू येतं. रत्नागिरीकडून इथल्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हाची मी म्हणजे एक चीज होते. साडीला जागोजागी पिना, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले की जप सुरू, "हळू, हळू." एकदा हे किक मारत होते, स्कूटर स्टँडवरच होती, तरी ही बया म्हणते, "हळू!" शाळेच्या व्हरांड्यात मुलगी पळाली तर तिला परत टोकाला पाठवून चालत यायला लावायची. आज त्या मुली आज्या व्हायला आल्यात आणि भर बाजारात मला विचारतात, "बाई, ती लाल गाडी तुमचीच ना?"

गाडी शिकले तीही उशिरा. शिकवणाऱ्याच्या पायाशी त्याचा वेगळा ब्रेक असतो, हे आमच्या शहाणीला महिनाभर कळलं नाही. गाडी इतकी अलगद थांबते म्हणजे आपल्या पायात उपजतच कला आहे, असं ती स्टाफरूममध्ये सांगत फिरायची. एके दिवशी शिकवणाऱ्याचं लक्ष फोनमध्ये होतं. त्या दिवशी ती कला दादऱ्याजवळच्या एका कुंपणात जाऊन थांबली.

आणि निवृत्त झाल्यावर याच बाईने टर्बोची, सहा गिअरची, जमिनीला पोट टेकून बसणारी लाल गाडी घेतली. आधीच्या मालकाने हौसेने स्प्रिंगा बदलून ती आणखी खाली बसवली होती. त्याने का विकली? ॲव्हरेज, म्हणाला. पुण्याची नात तिला 'आजीची बेडकी' म्हणायची. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुझं वय काय, ही गाडी काय!" ह्यांनी मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "रंग छान आहे." सरकारी कचेरीत जन्म काढलेला माणूस. मतं मांडायची सवय नव्हती.

तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की कुणीतरी पाठीवर हात ठेवून 'जा' म्हणतंय असं वाटायचं. मला आयुष्यात तोपर्यंत सगळ्यांनी 'थांब'च म्हटलं होतं.

अडचण एकच. खडोलीच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर होता. शिफ्टच्या बसेस भरधाव जातात म्हणून गावकऱ्यांनीच दगड आणि डांबर घालून तो असा उंच केला होता की बैलगाडीनेही विचार करावा. माझी बेडकी त्यावरून गेली की पोटाखालून खर्र्र आवाज यायचा आणि माझ्या काळजावर चरा उठायचा. तिरकी घालून पाहिली, एकेक चाक चढवून पाहिलं. अड्ड्यावरचा एकजण म्हणाला, "आजी, वजन कमी करा. एक माणूस उतरला की गाडी तेवढी वर येते."

एक माणूस म्हणजे कोण, हे सांगायला नको.

तेव्हापासून रिवाजच पडला. स्पीडब्रेकर आला की मी गाडी थांबवायची. हे पट्टा सोडायचे, दार उघडायचे, आधी एक पाय बाहेर, मग दाराला धरून दुसरा, मग "हं" असा एक आवाज, आणि उभे. मी मोकळी गाडी अलगद पलीकडे न्यायची. हे कडेच्या चहाच्या टपरीवरून रमतगमत, दोन-चार मिनिटांनी चालत यायचे आणि परत तोच सगळा प्रकार उलट्या क्रमाने. जाताना एकदा, येताना एकदा. ह्यांचं वय पंचाहत्तरीपुढे. मी अड्ड्यावर हसत सांगायची, "ह्यांचा मॉर्निंग वॉक माझ्या गाडीमुळे होतो." सगळे हसायचे. हेही हसायचे. मला तेवढं पुरेसं होतं.

मग तो रविवार आला. परतीची वेळ, ऊन चढलेलं, रस्ता कधी नव्हे तो रिकामा. एक ट्रक नाही, एक कंटेनर नाही. हे उतरले. मी गाडी तिरकी घातली, अजिबात घासली नाही. त्या आनंदात पहिला, दुसरा, तिसरा, आणि मग कुणीतरी पाठीवर हात ठेवला. गेले मी! वळणावर गाडी अशी सुंदर बसली की मी म्हटलं, "अहो, बघितलंत?"

उत्तर नाही.

हे तसेही कमी बोलतात. मी पुढे बोलतच राहिले. टायर बदलल्याचा किती फरक पडला, वगैरे. सिल्वासा जवळ आलं तेव्हा डावीकडे वळून बघते तर सीटवर फक्त ह्यांची टोपी.

परत फिरताना मी काय काय कल्पना केल्या ते लिहवत नाही. ऊन, साखरेची गोळी घेतलेला म्हातारा माणूस, खिशात फोन नाही, कारण फोन माझ्या पर्समध्ये. आता तर गाडी पळतच नव्हती. खरं तर पळत होती, मलाच पुरत नव्हतं.

स्पीडब्रेकरच्या कडेची ती चहाची टपरी उघडी होती. बाई धुळ्याकडची, नवरा खडोलीच्या कारखान्यात कामाला. तिच्या टपरीच्या सावलीत हे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खुर्चीवर घडी घातलेली गोधडी. समोर सुपात तुरीच्या शेंगा, आणि हे त्या सोलत होते. बाजूला शिफ्ट सुटून आलेली चार माणसं क्रिकेटवरून भांडत होती.

मला बघून हे म्हणाले, "आलीस? चहा घेणार?"

एवढंच! मला रागावणं तर सोडा, आवाजातही काही नाही. ते चिडू शकले असते, ओरडू शकले असते. 

ह्यांच्या वाटचं टपरीवालीने केलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय वो मास्तरीणबाई, बाबांले टाकीसन गेल्या?"

"अहो, विसरले मी..."

"पर्स इसरता का कधी?"

 क्रिकेटवाल्यांपैकी एकाने तोंड फिरवून हसू दाबलं. मी पर्स पदराखाली घेतली, हे खरं.

"जाऊ दे गं," हे तिला म्हणाले. "गाडी चांगली पळाली असेल."

"गाडीले काय करता बाबा? ती काय तुमले पाणी देईल?"

ह्यांनी सोललेले दाणे सुपात सारखे केले, हात झटकले आणि उठले. उठताना "हं" केलं. तो "हं" मी इतकी वर्षं ऐकत होते, पण गाडीच्या आत बसून. बाहेर उभं राहून ऐकला तेव्हा कळलं, तो गुडघ्यातून येत होता.

घरी येताना मी बैलगाडीसारखी गाडी चालवली. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवून पुढे गेले. हे म्हणाले, "बिघाड झालाय का काही?"

तो आठवडा मला जेवण गेलं नाही. ह्यांच्यापुढे ताट ठेवताना पहिली पोळी गरम, तूप जास्त. दुपारी झोपले की पंखा मोठा कर, लहान कर. शेवटी हेच वैतागले. "काय हवंय का तुला माझ्याकडून?" मला काय हवं होतं? एकदा तरी ओरडावं, 'टाकून गेलीस मला' म्हणावं. मग मीही चार शब्द बोलले असते, भांडण झालं असतं, मिटलं असतं. पण न रागावणाऱ्या माणसापुढे चूक करून बसलं की ती फेडायला जागाच सापडत नाही.

मग मी तेच केलं जे अड्ड्यावरचा प्रत्येकजण करतो. गाडी विकायला काढली.

ह्यांना कळलं तेव्हा हे बाहेर तुळशीला पाणी घालत होते. तांब्या तसाच हातात. "विकतेस? का?"

खरं सांगितलं असतं तर ह्यांच्यावर आळ आला असता. मी म्हटलं, "ॲव्हरेज परवडत नाही."

मी हे बोलले! माझ्या तोंडाने! हे म्हणाले, "रविवारचं जाणं?"

"नवी घेऊ की. उंच. तुम्हाला चढायला-उतरायला सोपी. उतरावं लागणारच नाही."

"असं," म्हणाले, आणि उरलेलं पाणी तुळशीत ओतलं.

घेणारा वापीचा पोरगा होता. गाडीखाली पालथा पडून त्याने टॉर्च मारला आणि म्हणाला, "माँजी, इतनी नीची गाडी, और नीचे बस दो-चार पुराने स्क्रॅच. कैसे चलाया?" मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. हे टपावर हात ठेवून उभे होते, रंगाबद्दल काहीतरी बोलले. बेडकी गल्लीच्या टोकाला गेली, त्याने तिसरा टाकला तो आवाज मी ओळखला. वाईट वाटलं, पण त्यातही मला एक पुण्य केल्यासारखी खुशी होती. आपण किती मोठा त्याग केला! पायात उपजत कला असलेली ती मास्तरीण माझ्यातून अजून गेलेली नव्हती. पुन्हा आपल्याच पायाचं कौतुक.

नवी गाडी आली. पांढरी, उंच, बिनगिअरची. पहिल्या रविवारी निघालो. टपावर बसून बघितल्यासारखं जग दिसत होतं. खडोलीच्या अलीकडे आले तशी खट्ट आवाज झाला. ह्यांनी पट्टा सोडला होता. हात दाराच्या कडीवर.

"अहो, आता उतरायचं नाही," मी म्हटलं. आणि गाडी स्पीडब्रेकरवरून नुसती एकदा मान हलवून पलीकडे गेली.

"हो, खरंच की," हे म्हणाले. पट्टा परत लावला. पण मान मागे वळली ती वळलीच. मी आरशात बघितलं. टपरीच्या सावलीत खुर्ची होती, गोधडी घातलेली. क्रिकेटवाल्यांपैकी एकजण हात वर करून उभा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार उशिरा, नेहमीप्रमाणे. हा माणूस जन्मभर कचेरीतून थेट घरी आला. टपरीवर बसायचं ते रिकामटेकड्यांनी, असं ह्यांचं शास्त्र. म्हातारपणी ह्यांना एक टपरी मिळाली होती, तीही 'काम' म्हणून. गाडी जावी म्हणून उतरायचं, उतरलोच आहोत तर दोन मिनिटं बसायचं. शेंगा सोलून द्यायच्या, भांडणाचा निवाडा करायचा, 'बाबा' म्हणवून घ्यायचं. गुडघा दुखत असणारच. पण तो खर्च ह्यांनी आपणहून धरला होता, आणि मी न विचारता माफ करून टाकला.

"थांबू का? चहा घेऊ या," मी म्हटलं.

"नको. घरून घेऊन तर निघालोय."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी एक युक्ती केली. बरोबर टपरीसमोर गाडी उभी केली आणि तोंड शक्य तेवढं गंभीर केलं.

"अहो, डावीकडच्या टायरमध्ये हवा कमी वाटतेय. जरा उतरून बघता?"

हे लगेच उतरले. "हं" झालं. डावीकडचं पुढचं टायर दाबून बघितलं, मागचं बघितलं. मग काम नीट व्हावं म्हणून उजवीकडचीही दोन्ही बघितली. टपरीवाली खुर्ची फडक्याने पुसत ओरडली, "बाबा, या ना! चहा टाकेल शे!"

ह्यांनी तिला हात केला. एक पाऊल तिकडे पडलंही. मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून म्हटलं, "जा की, मी थांबते."

"कशाला? हवा ठीक आहे चारी टायरांत," हे म्हणाले, आणि येऊन माझ्या डावीकडे बसले.