साडभाऊ आणि आमचा आजारी कॉम्प्युटर

बिघडलेलं यंत्र आणि आमचे साडभाऊ एका घरात फार वेळ सुखाने राहू शकत नाहीत. दोघांपैकी एकाला हार मानावीच लागते, आणि ती साडभाऊंनी मानल्याचं उभ्या बुलडाणा जिल्ह्यात कुणी पाहिलेलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार धामणगाव बढे, धंदा कपाशीची शेती, आणि व्यसन कॉम्प्युटर दुरुस्तीचं. हे व्यसन कुठून लागलं कुणास ठाऊक. शिक्षण दहावी, तेही दोन हप्त्यांत. सुलतानपूरला सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली तरी काका सापडेनात, तेव्हा ते मंगल कार्यालयाच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या टेबलाखाली घुसलेले मिळाले. "दोन मिन्टं थांबा म्हना भटजीले," ते खालूनच म्हणाले, "याचा पंखा फिरून नाही राह्यला." भटजी थांबले नाहीत, पण पंखा फिरला.

त्यांची पद्धत सगळी कपाशीच्या वावरातली. आल्या आल्या यंत्राला हात लावायचा नाही. आधी चहा. मग धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालावं तशी टेबलाभोवती एक फेरी. मग घरातल्या सगळ्यांना गप्प बसवून आतली घरघर ऐकायची आणि पोराचा ताप पाहावा तसा डब्याला पालथा हात लावायचा. 'खराब' हा शब्द त्यांना खपत नाही. "आजारी म्हना," ते बजावतात. झाकण उघडलं की पिशवीतून पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा ब्रश निघतो, आणि त्याने ते एकेक कोपरा असा झाडतात की आमच्या हिला स्वतःच्या झाडलोटीची उगाच लाज वाटू लागते.

तर आमचा कॉम्प्युटर नेमका मुलीच्या नर्स भरतीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी हटून बसला. तसा तो महिनाभर रेंगाळतच होता. सकाळी चालू करून अंघोळ आटोपून यावं तेव्हा कुठे पडदा उजळायचा, आणि एक पान उघडायला जावं तर जाहिरातींची चार पानं आधी पुढे यायची. त्या दिवशी फॉर्मची वेबसाइटच उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही, एवढं सांगून दार बंद. चिखलीतल्या नेट कॅफेंसमोर सकाळपासून रांगा, मुदत संध्याकाळी पाचची, आणि पुढच्या वर्षी मुलीचं वय भरतीत बसणार नव्हतं. ती कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. शेवटी बायकोने बहिणीला फोन लावला आणि दुपारच्या एसटीने साडभाऊ हजर झाले.

चहा, फेरी, घरघर सगळं यथासांग झालं. इकडे माझा जीव टांगणीला. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक चित्रं मोजली आणि माझ्याकडे वळले.

"साडभाऊ, अँटिव्हायरस किती टाकले?"

"तीन," मी जरा अभिमानानेच म्हणालो. "एकातून सुटला तर दुसऱ्यात सापडेल."

"काऊन टाकले पन?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आमच्याकडं लोकं असंच करतात. एका पंपात तीन औषधं कालवतात. अळी जितीच राह्यते अन् झाड करपते."

दोन अँटिव्हायरस उपटून निघाले, न बोलावता आलेले जाहिरातवाले निघाले, आणि यंत्र चक्क चालू लागलं. पण वेबसाइटची तक्रार तीच. घड्याळात चार वाजले. साडभाऊंनी पुन्हा कोपऱ्यात डोकं घातलं आणि एकदम हसले. पडद्यावर आठ वर्षांपूर्वीची एक जानेवारी होती. आतला नाण्याएवढा सेल मेला होता, त्यामुळे वीज गेली की यंत्र जुन्या सालात जाऊन बसायचं, आणि आजची वेबसाइट त्याच्यावर विश्वास ठेवायची नाही.

हसून झाल्यावर ते त्या तारखेकडे बघतच राहिले. "या जानेवारीत माह्या घरात बीटीचा कापूस आढ्याले टेकला होता," ते म्हणाले. "झोपाले जागा नव्हती, साडभाऊ."

मग त्यांनी आजची तारीख टाकली. वेबसाइट उघडली. पावणेपाचला फॉर्म गेला आणि नंबर आला. मुलगी इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं रडून मोकळी झाली, बायकोने देवापुढे साखर ठेवली, आणि मी अंगातलं वारं गेल्यासारखा खुर्चीत बसलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो तेव्हा मला आठवलं, दिवसभरात कुणी त्यांची साधी विचारपूसही केली नव्हती. माझी मलाच लाज वाटली. मी विचारलं, "यंदा कपाशी कशी आहे?"

"बोंडअळीनं खाल्ली. काल ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून उभं पीक मोडलं."

"काल? अहो, मग आज इकडे कशाला आलात?"

"घरी बसून वावराकडं पाह्यवत नव्हतं. तुमचा फोन आला, बरं वाटलं." ते पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "पोरीचा फॉर्म गेला. यंदा माह्या हातून कायीतरी वाचलं."

मी नुसता त्यांचा हात धरून उभा राहिलो, कंडक्टर ओरडेपर्यंत.