काचेवरची तीन अक्षरं

दादाच्या जुन्या मोटारीचा उजवा दिवा फुटला तेव्हा डाव्या दिव्याला आधीच बाजारी काच होती. निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. दादा हिंगोली ते कनेरगाव नाका सवाऱ्या नेत असे. परतताना अंधार पडे. म्हणून या वेळी त्याला अस्सल काच हवी होती. मिस्त्री त्याचा लहानपणचा सोबती. त्याने ती अकोल्याहून मागवली.

घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा, शाळेत मास्तर. दादाने काच आधी माझ्या हातात दिली. कडेला तीन अक्षरं होती: टी, ओ, पी. मोटारीवरचं कंपनीचं नाव वेगळं होतं.

"हे दुसऱ्याच कंपनीचं नाव," मी म्हणालो. "माल नकली दिसतो."

"डबा म्या सोता फोडला," मिस्त्री म्हणाला. "असली हाय."

"डबा असली असंल," दादा हसला, "आतल्याचं काय?"

तरी काच बसवली. दिवेलागणीला मोटार रस्त्यावर उभी केली. डावी बाजारी काच मळकट, पण उजेड चाकोरीवर पाडत होती. उजवीचा झोत थेट लिंबाच्या शेंड्यावर.

"वाघळं मोजायला दिवा लावला व्हय?" दादा म्हणाला. मग आवाज बदलला. "मला फसवून राहिलास. काहून?"

मिस्त्री माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी तरी सांगा."

मी वाकून पाहिलं. अक्षरं आता तळाशी होती, उलटी. नाव उलटं बसलं तर काय बिघडलं?

"नकलीच," मी म्हणालो.

दादाने बाजारी काच आणली आणि मिस्त्रीचं तोंड पाहणं सोडलं. पुढे दादा तापाने वारला, तोवर दोघं बोलले नाहीत.

तो गेल्यावर महिन्याभराने एका पुस्तकात मोटारीच्या दिव्याचं चित्र दिसलं. काचेच्या वरच्या कडेला तीच अक्षरं. टॉप. ही बाजू वर ठेवावी. हा शब्द मी पोरांना दरवर्षी शिकवत होतो. त्या दिवशी मी नाव शोधत होतो; शब्द वाचलाच नव्हता.

पुस्तक घेऊन मिस्त्रीकडे गेलो, अक्षरांचा अर्थ सांगितला. त्याने चित्रातल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"म्हंजी उलटी म्याच बसवली," तो म्हणाला.

"वाचता मला येत होतं."

"दादाला कळलं व्हतं?"

"नाही."

"म्या फसवलं, असंच समजून गेला?"

"हो," मी म्हणालो. नाही म्हणून खोटं बोलणं सोपं होतं, पण बोललो नाही.

त्याने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.